मांजर, पाळणा आणि एक बांध

गेल्या अंकात हॉलंडमधल्या मुक्कामाबद्दल लिहिताना किंडरडाईक नावाच्या गावावर मी जेमतेम चार ओळी खर्च केल्या होत्या. गाव नदीकाठी पण नदीच्या पातळीपेक्षा खाली आहे, तिथे एकोणीस पवनचक्क्या आहेत, वारा फार लागतो, शाल न्यावी. एवढंच. त्या चार ओळींवर नऊ पत्रं आली. तीस वर्षं फोंडा महालातल्या शाळांत भूगोल शिकवला, पण एका तासाला नऊ प्रश्न कुठल्या वर्गाने विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून या वेळचं सदर सगळंच त्या गावाला. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

बाई, माझा मुलगा जहाजावर आहे. रॉटरडॅमला बोट लागली तेव्हा तो तुम्ही लिहिलेल्या गावी जाऊन आला. किंडरडाईक म्हणजे ‘मुलांचा बांध’ असं तो सांगतो. हे नाव कसं पडलं?
— एक वाचक, डिचोली

अर्थ त्याने बरोबर सांगितला. ‘किंडर’ म्हणजे मुलं आणि ‘डाईक’ म्हणजे बांध. नावामागे एक गोष्ट आहे, आणि ती तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

१४२१ सालच्या नोव्हेंबरात, १८ आणि १९ तारखेमधल्या रात्री, समुद्रावरून मोठं वादळ आलं. भरतीचं पाणी नद्यांतून उलटं आत चढलं आणि बांध फुटले. १९ नोव्हेंबर हा संत एलिझाबेथचा दिवस, म्हणून तो पूर तिच्याच नावाने ओळखला जातो. वादळ ओसरल्यावर काही वाचवता येतं का हे पाहायला एक माणूस बांधावर गेला. पाण्यावर त्याला एक लाकडी पाळणा तरंगताना दिसला. पाळण्यावर एक मांजर होतं आणि ते या कडेवरून त्या कडेवर उड्या मारत होतं. पाळणा डावीकडे कलला की ते उजवीकडे, उजवीकडे कलला की डावीकडे. पाळणा बांधाला लागला तेव्हा आत एक तान्हं बाळ कोरडं ठणठणीत झोपलेलं होतं. ज्या बांधाला तो लागला तो मुलांचा बांध.

गोष्टीला पुरावा नाही. आमच्या घरचं मांजर ताटातलं सुंगट सांभाळत नाही, ते दुसऱ्याचं पोर काय सांभाळणार! पण पूर मात्र शंभर टक्के खरा, आणि तो का आला हे मांजराहून जास्त ऐकण्यासारखं आहे.

किंडरडाईकच्या दक्षिणेला तेव्हा बांधांनी वेढलेला शेतीचा एक मोठा मुलूख होता. जुन्या लिखाणात तिथली ७२ गावं बुडाली असं येतं. आजचे इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात. ते काहीही असो, मुलूख गेला तो कायमचा. वादळ हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की त्या काळात हॉलंडमध्ये सरदारांचे दोन तट पडले होते. एकाचं नाव ‘गळ’, दुसऱ्याचं ‘कॉड मासा’. या दोघांच्या भांडणात बांधाकडे बघायला कोणालाच सवड नव्हती. तिसरं कारण मिठाचं. तिथल्या जमिनीत खाऱ्या पाण्याने भिजलेली एक काळी कुजकट माती असते. ती खणून काढायची, वाळवून जाळायची आणि राखेतून मीठ काढायचं, हा तिथला धंदा. लोक ही माती बांधाच्या अगदी जवळूनही खणत. म्हणजे ज्या बांधाने घर राखायचं त्याच्याच पायथ्याला खड्डे. आपल्याकडे मिठागरं उन्हावर चालतात, हे आपलं नशीब.

बुडालेल्या त्या मुलखाचं पुढे कालव्यांचं, वाळुंजांचं आणि लव्हाळ्यांचं एक जंगल झालं. त्याला बीसबॉस म्हणतात. १९९४पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. डोर्ड्रेख्ट हे शहर त्या पुराने बेट होऊन बसलं आणि ते आजही बेटच आहे. माझी लेक तिथेच राहते. तिच्या घरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी आधी पूल, बोगदा नाहीतर बोट.

नदीकाठचं गाव नदीच्या पातळीपेक्षा खाली आहे असं तुम्ही लिहिलंत. पाणी उताराने वाहतं ना? मग गाव नदीपेक्षा खाली कसं असेल? आमच्या टीचरना विचारलं तर त्या म्हणाल्या छपाईची चूक असेल.
— इयत्ता नववीतला एक विद्यार्थी, वाळपई

छपाईची चूक नाही बाळा. टीचरनाही हे उत्तर वाचायला दे.

आधी नकाशा काढ. आल्प्स पर्वतातून निघालेली राइन हॉलंडमध्ये शिरली की तिला फाटे फुटतात. उत्तरेकडच्या फाट्याला एका गावापासून पुढे लेक म्हणायला लागतात. नदी तीच, नाव दुसरं. आपली म्हादई खाली येऊन मांडवी होते तसंच. दक्षिणेकडून नोर्ड नावाची दुसरी नदी येते. लेक आणि नोर्ड जिथे मिळतात तिथे किंडरडाईक. रॉटरडॅमपासून साधारण पंधरा किलोमीटर. संगमाच्या पुढे नदीचं नाव पुन्हा बदलतं आणि ती नवी मास म्हणून रॉटरडॅमच्या बंदरात जाते. समुद्र तिथून बराच लांब आहे, तरी भरती-ओहोटी या गावापर्यंत पोचते. मांडवीची भरती गांज्यापर्यंत जाते हे तुला ठाऊक असेलच. नसेल तर सुट्टीत एक दिवस काठावर बसून पाहा.

उत्तरेला लेक, पश्चिमेला नोर्ड आणि दक्षिणेला मेरवेडे. या तिघींच्या मधल्या भूभागाला आल्ब्लासरवार्ड म्हणतात. यातला ‘वार्ड’ म्हणजे पंचायतीचा वॉर्ड नव्हे, नद्यांनी वेढलेली जमीन. ही सगळी जमीन पूर्वेकडून पश्चिमेकडे किंचित उतरत येते आणि तिचा सगळ्यात खालचा कोपरा किंडरडाईकपाशी आहे. तिथलं पावसाचं पाणी सगळं याच कोपऱ्यात गोळा होतं.

आता मुख्य गोष्ट. एक हजार वर्षांपूर्वी ही जमीन नदीपेक्षा खाली नव्हती, वरच होती. पण ती माती नव्हतीच. हजारो वर्षं दलदलीत झाडपाला कुजून साठला होता, पाणी प्यायलेल्या स्पंजासारखा. लोक आले, त्यांनी शेतीसाठी चर खणले आणि पाणी नदीत सोडलं. स्पंज पिळला की काय होतं? बसतो. शिवाय त्या कुजक्या थराला पहिल्यांदाच हवा लागली, आणि हवा लागली की तो हळूहळू जळल्यासारखा विरून जातो. जमीन खचली. खचली म्हणून पुन्हा ओली झाली, ओली झाली म्हणून चर आणखी खोल खणले, आणि खोल खणले म्हणून ती आणखी खचली. नद्यांना मात्र दोन्हीकडून बांध घातलेले, त्यामुळे पुराबरोबर येणारा गाळ शेतात न पसरता नदीतच बसायचा. अशी जमीन खाली गेली आणि नदी वर राहिली.

तुझा प्रश्न मला तिथे बांधावर उभी असताना नीट समजला. एका हाताला लेक नदी आणि तिच्यावरून जाणारे लांबलचक बार्ज, आपले खनिजाचे जायचे तसे. दुसऱ्या हाताला घरांची कौलं, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. खाली अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. तिच्या डोक्याच्या वरून, बांधापलीकडून, बार्ज चालला होता. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

पवनचक्क्या एकाच ठिकाणी एकोणीस का? दळण एवढं कुणाचं असायचं?
— एक वाचक, पेडणे. साधारण हाच प्रश्न काणकोणहूनही आला आहे.

दळणाचा संबंधच नाही. चूक माझी, ‘चक्की’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पीठच येतं. या चक्क्या पाणी वर उचलतात. तिथला सगळ्यात सुरस भाग हाच, म्हणून इथे थोडी लांबण लावते.

कित्येक शतकं त्या कोपऱ्यातलं पाणी काही न करता जायचं. नदीला ओहोटी लागली की बांधातलं दार उघडायचं, पाणी आपोआप बाहेर. भरती आली की दार बंद. खाजनाच्या, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेताच्या, काठावर वाढलेल्या कोणालाही हे सांगायला नको, ही आपली मानशी. जमीन भरतीच्या पाण्याखाली असली तरी ओहोटीच्या पाण्यावर आहे, तोवर मानशी पुरते. पण जमीन खचत राहिली, तशी ओहोटीची घटकासुद्धा पुरेनाशी झाली. दार उघडलं तरी पाणी बाहेर जाईना. सतराशेच्या पुढे ही पाळी आली.

मग त्यांनी मध्ये एक मजला घातला. खालच्या कालव्यात शेतांचं पाणी जमवायचं. पवनचक्क्यांनी ते उचलून शेजारच्या उंच तळ्यात टाकायचं. तळं भरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की उंचावरून ते नदीत सोडायचं. चक्कीच्या पोटात एक मोठं फळ्यांचं चाक असतं. ते पाणी वर ढकलतं, आपल्या जुन्या रहाटासारखं, फक्त त्याला पोहरे नसतात. अशा चाकाने पाणी दीड मीटरच्या आसपासच चढतं, त्याहून फार नाही. तेवढं पुरे होतं.

एकोणिसांचा हिशेब असा. तिथे पाण्याची व्यवस्था पाहणारी दोन मंडळं होती, एक वरच्या भागाचं आणि एक खालच्या भागाचं. खालच्या मंडळाने १७३८ साली आठ चक्क्या बांधल्या, गोल आणि विटांच्या. दोन वर्षांनी, १७४० साली, वरच्या मंडळाने समोरच आठ बांधल्या, अष्टकोनी आणि गवताने शाकारलेल्या. दोघांचे कालवे शेजारी-शेजारी आहेत, मध्ये नुसती एक पायवाट. गाईडला मी विचारलं, एकत्रच का नाही केलं? तो नुसता हसला. वाटणीनंतर एकाच अंगणात दोन तुळशी असतात, तेव्हा त्याचं कारण आपण तरी कुणाला विचारतो का? उरलेल्या तिघींपैकी दोन शेजारच्या गावाच्या शिवारासाठी, आणि एक त्याहून जुनी लाकडी, आल्ब्लासरडामच्या बाजूची.

विटांच्या चक्क्यांची पाती जवळजवळ जमिनीला घासत फिरतात. म्हणून अशा चक्कीला समोरासमोर दोन दारं असतात. वारा बदलला की चक्कीचं टोपरं साखळीने ओढून वाऱ्याकडे वळवायचं. मग पाती एका दारासमोर येतात आणि माणसांनी दुसऱ्या दाराने जायचं. आत चक्कीवाल्याचं सगळं कुटुंब राहायचं. मी एका चक्कीत गेले. भिंतीतल्या कोनाड्यात कपाटासारखा पलंग, त्याखाली लहानांसाठी खण आणि मधोमध फिरणारा खांब. आमच्या दुर्भाटच्या घरात अकरा माणसं होती तेव्हा मला अडचण वाटायची. परत आल्यावर वाटेनाशी झाली.

पात्यांना भाषाही आहे. चक्की थांबवताना वरून येणारं पातं अगदी खाली पोचायच्या जरा आधी अडवलं, तर घरात आनंदाची गोष्ट आहे, लग्न किंवा बारसं. खालचा बिंदू ओलांडून जरा पुढे थांबवलं तर घरात सुतक. पाहुणा पलीकडच्या बांधावरून ओळखायचा की पेढे मागायचे की टोपी काढायची.

१८६८ साली वाफेचे पंप आले, पुढे विजेचे. चक्क्या मोडीत काढायच्या बेतात असताना दुसरं महायुद्ध लागलं. इंधन मिळेना, पंप बंद पडले आणि पुन्हा या म्हाताऱ्यांनाच कामाला जुंपलं. त्यामुळे त्या वाचल्या. १९९७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. पण आज गाव कोरडं ठेवणारं यंत्र त्या नव्हेत. बांधाच्या कडेला एक काँक्रीटची बेढब इमारत आहे. तिच्यातले मळसूत्रासारखे प्रचंड स्क्रू पाणी उचलून नदीकडे टाकतात. सगळे प्रवासी तिच्याकडे पाठ करून चक्क्यांचे फोटो काढतात. मीही काढले. नंतर परत फिरून अर्धा तास त्या स्क्रूंकडे पाहत बसले. लेक म्हणाली, आई, इथे कोणी बसत नाही.

तुमचा लेख वाचून मुद्दाम लिहितो. आमच्या खाजनाचा बांध चार वर्षांत दोनदा फुटला. तिथे बांधाचा खर्च कोण करतं? फुटला तर जबाबदार कोण?
— एक शेतकरी, मडकई

तुमच्या पत्राला उत्तर देताना मी तटस्थ राहू शकणार नाही, हे आधीच सांगते. माझ्या सासऱ्यांचं खाजन तुमच्या गावापासून लांब नाही.

तिथली पद्धत फार जुनी. १२७७ साली हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने आल्ब्लासरवार्डच्या सगळ्या बांधाची एक व्यवस्था लावून दिली. त्या काळी बांध सरकारचा नसायचा, तुकड्या-तुकड्यांनी शेतकऱ्यांचा असायचा. ज्याची जेवढी जमीन, त्याच्या वाट्याला बांधाची तेवढी लांबी. ती कोणाची हे ठरलेलं असायचं. बांधाचा एक मुख्य अधिकारी असतो, त्याला बांधाचा काउंट म्हणतात. तो पंचांबरोबर ठरल्या दिवशी पाहणीला निघायचा. कुणाच्या तुकड्यात घूस लागलेली दिसली, माती खचलेली दिसली, की दुरुस्ती करून खर्च दंडासकट त्याच्याकडून वसूल.

आणि ज्याला ते झेपत नाही त्याने काय करायचं? त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो कोणी ते फावडं उपसेल, जमीन त्याची आणि बांधाचा तुकडाही त्याचा. अशी म्हणच आहे तिथे, जो बांध घालणार नाही त्याने वाट धरावी. कायदा कठोर होता, पण बांध कोणाचा हा प्रश्न एक रात्रसुद्धा लोंबकळत नव्हता.

आज तुकडे गेले आणि पाणी मंडळं आली. देशभरात एकवीस आहेत. मंडळाची दर चार वर्षांनी वेगळी निवडणूक होते आणि मंडळाचा वेगळा कर असतो. घर भाड्याचं असलं तरी माझ्या लेकीला तो भरावा लागतो. किंडरडाईक ज्या मंडळात येतं त्याचं नाव रिव्हिएरेनलांड, म्हणजे नद्यांचा प्रदेश. कर पाण्याच्या नावाने घेतला की पाण्यावरच खर्च होतो, तो दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही. मला सगळ्यात हेवा याचा वाटला.

आता आपलं. आपल्याकडे हे नव्हतं असं मुळीच नाही. बांदोड्याला सापडलेल्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आहे, आणि तो तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे फ्लोरिस काउंटच्या पणजोबाच्या पणजोबाचाही जन्म झाला नव्हता, तेव्हा आपल्या लोकांनी भरतीचं पाणी अडवून भात काढलं होतं. बांध चिखलाचा, तळाला जांभा दगड, बाहेर खारफुटी, मध्ये मानशी आणि आत पोंय, म्हणजे पाणी साठायचं तळं. गावकारी, म्हणजे गावची जुनी सामाईक संस्था, हे सगळं सांभाळायची. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि तो पैसा गावकीत यायचा.

एका बाबतीत आपण त्यांच्याहून शहाणे होतो. ते खारं पाणी कायमचं बाहेर ठेवायच्या मागे लागले. आपण ते पावसाळ्यापुरतं बाहेर ठेवलं. पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन नेलं की कोरगुट जातीचा भात लावायचा, जो थोड्या खारटपणाला दाद देत नाही. भात कापलं की मानशी उघडायची आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. मग त्याच शेतात शेवटाळी, काळुंद्र, सुंगटं. आपली जमीन गाळाची, कुजक्या झाडपाल्याची नव्हे. दरवर्षी पाणी आणि गाळ आत येत राहिल्याने ती त्यांच्यासारखी खोल गेली नाही. म्हणून आपल्याला अजून पवनचक्की लागली नाही, मानशीवर भागतं. किंडरडाईक सतराशे सालापर्यंत जिथे होतं तिथे आपण आज आहोत, असंही म्हणता येईल.

पण तुमचा प्रश्न जबाबदार कोण, हा आहे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर जमीन कुळांकडे आली, ते न्याय्यच होतं. बांधाचं काम कुळांच्या संघटनांकडे आलं. गावकार म्हणतो बांध आता कुळांचा. कूळ म्हणतं शेती परवडत नाही, पोरगं पणजीला कामाला. पावणी घेणाऱ्याला भात नको, मासळी हवी, म्हणून तो दार हवं त्यापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि शेत खारं झालं की कुंपणापलीकडून जमिनीचे दलाल डोकावतात. आमच्या शेताशी बांधाला हातभर भोक पडलं तेव्हा सासरे अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. ‘पाहणी होईल’ असं तिन्हीकडे सांगितलं. पाहणी झाली, तेव्हा भोक बैलगाडी जाईल एवढं होतं. सासरे गेले. शेतात आता चुडते उगवले आहेत आणि बगळे सुखात आहेत.

फावड्याचा कायदा आपल्याकडे आणावा असं मी म्हणत नाही. आणला तर अर्ध्या बांधावर नुसती फावडी दिसतील. पण एक करून पाहा. तुमच्या बांधाची लांबी पावलांनी मोजा, आणि कुठल्या पावलापासून कुठल्या पावलापर्यंत कोणाचं शेत लागतं त्याची एका कागदावर यादी करा. ग्रामसभेत अर्जापेक्षा ती यादी जास्त चालते. आमच्या वाड्यावर ती उशिरा केली.

याच पत्रात तुम्ही विचारलंय की त्यांचे बांध कधी फुटतच नाहीत का. फुटतात. १९५३च्या १ फेब्रुवारीला समुद्राचं पाणी असं चढलं की देशात १८३६ माणसं दगावली. आल्ब्लासरवार्डचाही बांध पापेंड्रेख्टपाशी फुटला. त्याच रात्री थोडं उत्तरेला, दुसऱ्या एका नदीवर, बांधाला भगदाड पडताच एका नावाड्याने आपला बार्जच त्यात आडवा घुसवला आणि बांध तगला. १९९५ साली नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हापासून ते काही ठिकाणी बांध मागे घेऊन नदीला जागा परत देत आहेत. बीसबॉसच्या कडेला शेती असलेला एक मोठा पट्टा त्यांनी आपणहून पुन्हा पाण्याला सोडला.

डच लोक गोव्यात आले होते का?
— महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी, मडगाव

राज्य करायला नाही, पण दारात येऊन बसायला आले. सतराव्या शतकात, १६३०च्या दशकाच्या शेवटापासून काही वर्षं, त्यांची गलबतं पावसाळा सरला की मांडवीच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करायची. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. त्याआधी यान हाउखेन व्हान लिन्स्खोतेन नावाचा एक तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून पाच वर्षं राहिला. परत गेल्यावर, १५९६ साली, त्याने गोव्याची आणि पूर्वेच्या समुद्रवाटांची सगळी माहिती पुस्तकात छापून टाकली. त्यानंतर डच गलबतांना वाट विचारावी लागली नाही. घरात चिटणीस ठेवताना पाहून ठेवावा.

त्या गावात पवनचक्क्या सोडून दुसरं काही आहे का? मुलाकडे जाणार आहोत, दिवस फुकट जायला नको.
— एक दांपत्य, पर्वरी

जहाजांचे कारखाने. हे मला जायच्या आधी माहीतच नव्हतं. फोप स्मित नावाच्या तिथल्या एका जहाजबांध्याने १८४२ साली जहाजं ओढणाऱ्या टग बोटींचा धंदा काढला, तो पुढे जगभर गेला. नदीचा गाळ काढणारे ड्रेजरही याच काठावर बांधले जातात. बांधावरून कारखान्यांच्या क्रेन दिसतात. पाणी उपसणाऱ्यांच्याच गावात गाळ उपसणारी जहाजं, जमतंय छान. माझे ‘हे’ चौगुल्यांच्या बार्जवर कधीकाळी होते, ते चक्क्यांकडे पाहायलाच तयार नव्हते.

रॉटरडॅमहून नदीतून बोटीने जा, रस्त्याने जाऊ नका. वाढत्या पाण्यात गाव कसं लपत जातं ते बोटीतूनच कळतं. चक्क्यांच्या मधल्या वाटेवर सायकली फार जोरात येतात. आणि शालीचं मी आधी लिहिलंच आहे.

त्या मांजराचं नाव काय होतं?
— वय वर्षे सात, केरी. आजीच्या हस्ताक्षरात.

कोणी लिहून ठेवलेलं नाही. १८५६ साली आल्मा-टाडेमा नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, त्यानेही नाव दिलं नाही. तुमच्या घरी मांजर असेल तर त्याचंच नाव सध्या लावून ठेव. आणि आजीला सांग, केरीला नदीकाठी बसून तुला ही गोष्ट सांगताना पाळणा कुठून कुठे वाहत आला ते बोटाने दाखवायचं. लेक नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. आपल्या तेरेखोलसारखीच.